पिसवांच्या बाजारात

मुलांनो, बाजार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? भाजीचे ढीग, भेळेची गाडी आणि "घ्या ताई, स्वस्त लावलंय!" अशा आरोळ्या. पण 'पिसवांचा बाजार' कधी ऐकलाय? हो, कुत्र्यामांजरांच्या अंगावर टणाटण उड्या मारणाऱ्या त्याच पिसवा! आणि हा बाजार भरतो कुठे, तर फॅशनची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या पॅरिसच्या वेशीवर.

माझी धाकटी बहीण नोकरीसाठी तिथे असते. मे महिन्याच्या सुट्टीत तिने मला बोलावून घेतलं. चौथीच्या वर्गासाठी काहीतरी आणायचं, हे मी निघतानाच ठरवलं होतं. पर्समध्ये पैसे मात्र बेताचे. त्यामुळे आमचं बरंचसं फिरणं नुसतंच काचेबाहेरून! नुसत्या वस्तू बघत हिंडण्याला फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ आहे 'काचा चाटणे'. आठ दिवस आम्ही दोघींनी पॅरिसच्या काचा मनसोक्त चाटल्या म्हणा ना!

तिथल्या दुकानाचा एक नियम बहिणीने पहिल्याच दिवशी शिकवला. "ताई, आत पाऊल टाकलं की आधी 'बोंझूर' म्हणायचं. मग वस्तू बघायच्या." नमस्कार न करता वस्तूला हात लावला, की दुकानदारीणबाईंच्या कपाळाला आठी. निघताना काही घेतलं नसलं तरी 'ओ रव्वार' म्हणून निरोप घ्यायचा. मला हे फार आवडलं. आपण कुणाच्या तरी घरात शिरतोय, असं वाटायचं.

काही दुकानं रस्त्यावर नाहीतच. दोन रस्त्यांना जोडणारे लांबलचक बोळ आहेत, त्यांना 'पासाज' म्हणतात. वर काचेचं छप्पर, खाली दुतर्फा दुकानं. 'पासाज दे पानोरामा' सुमारे 1800 सालचा, तर 'गालरी व्हिव्हिएन' 1823 मध्ये बांधलेली. तिच्या फरशीवर रंगीत तुकड्यांची अशी काही नक्षी आहे की पाय ठेवताना जीव खालीवर होतो. त्या काळी पॅरिसच्या रस्त्यांवर पावसात घोट्याएवढा चिखल व्हायचा, म्हणून लोक या बोळांत यायचे. पुढे रस्ते रुंद झाले, मोठमोठी दुकानं आली आणि बरेचसे बोळ गेले.

रू द्यु बाक नावाच्या रस्त्यावर 'देरोल' हे 1831 पासूनचं दुकान आहे. जिना चढून वर गेलो आणि बघते तर काय! सिंह, झेब्रा, अस्वल, सगळे उभे! घाबरू नका, ते पेंढा भरलेले होते. मी मात्र खिळून राहिले भिंतीवरच्या तक्त्यांपाशी. फुलाचे भाग, दात, बेडूक... एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या शाळांत हेच तक्ते लागायचे. 2008 मध्ये या दुकानाला आग लागून बराच संग्रह जळला. ते पुन्हा उभं राहिलं म्हणून मला बघायला तरी मिळालं. तक्त्याची किंमत पाहिली आणि हळूच 'ओ रव्वार' म्हटलं.

आता पिसवांकडे येऊ. 1883 मध्ये पूबेल नावाच्या अधिकाऱ्याने हुकूम काढला, की प्रत्येक इमारतीने कचरा डब्यातच ठेवायचा. शहर स्वच्छ झालं, पण रस्त्यावरच्या कचऱ्यातून चिंध्या आणि मोडतोड वेचून जगणाऱ्यांची पंचाईत झाली. त्यांनी शहराच्या तटाबाहेर, सँ-ऊआँ या गावाच्या बाजूला आपलं सामान मांडलं. जुन्या कपड्यांत, गाद्यांत पिसवा असणारच, त्यावरून बाजाराला हे नाव पडलं असं सांगतात. आणि गंमत म्हणजे, फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पूबेल' म्हणतात! बिचाऱ्याचं नाव असं अजरामर झालं.

आता तिथे पिसवा नाहीत. बाजार मुख्यतः शनिवार-रविवारी भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलेल्यांना तो ओळखीचा वाटेल, फक्त पसरलेला कितीतरी मोठा. झुंबरं, घड्याळं, दाराच्या कड्या, कुणाच्या तरी आजीच्या लग्नाचे फोटो. एका टेबलावर मला चिनी मातीच्या पांढऱ्या दौती दिसल्या. फ्रान्समधली मुलंसुद्धा टाक बुडवून, जांभळ्या शाईने लिहायची. शाळेत बॉलपेन वापरायला सरकारी परवानगी मिळाली ती थेट 1965 मध्ये! दुकानदाराने दौतीचे आठ युरो सांगितले. आपली सवय जाते का? घासाघीस करून दौत, एक टाक आणि चार निबा मिळून दहावर आणलं. स्वारी खूश.

तिथून दोन गाळे पुढे गेले आणि पाय थबकले. गालिच्यांच्या मागे एका चौथऱ्यावर दगडी डोकं ठेवलेलं होतं. कानात मोठी कुंडलं, केसांचा अंबाडा, ओठांवर हसू. चिठ्ठीवर एकच शब्द, 'आंद', म्हणजे भारत. मानेखाली काहीच नाही. मी वाकून पाहिलं तर मानेच्या कडेला छिन्नीच्या घावांसारख्या खुणा होत्या.

बहिणीने विचारलं, "हे कुठून आलं?"

"जुन्या संग्रहातून," दुकानदार हसून म्हणाला. कागदपत्रं आहेत का, असं विचारल्यावर तो दुसरी वस्तू पुसायला लागला.

ते चोरीचंच होतं असं मी म्हणणार नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणी साहेबाने नेलं असेल, तेव्हा आपल्याकडे आजचा कायदा नव्हता. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती कुणाही खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तरी मूर्ती जातात. उत्तर प्रदेशातलं लोखरी गाव. तिथल्या देवळातली दहाव्या शतकातली वृषानना योगिनी, वजन सुमारे 400 किलो, चोरीला गेली आणि पोचली पॅरिसला! ज्या संग्राहकाकडे ती होती, तो वारल्यावर त्याच्या पत्नीने 2008 मध्ये भारतीय दूतावासाशी संपर्क साधला आणि मूर्ती देऊन टाकली. 2013 मध्ये योगिनी परत आली. आता ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या बाईंनी मूर्ती विकली असती तर भरपूर पैसे मिळाले असते, हे विसरू नका.

मी त्या गाळ्यातून काहीच घेतलं नाही. फोटो काढावासा वाटला, पण दुकानदाराने मान हलवून नाही म्हटलं.

जूनमध्ये वर्गात दौत नेली. जांभळी शाई ओतली, प्रत्येकाने टाकाने आपलं नाव लिहून पाहिलं. बोटं जांभळी, दोन फ्रॉकही जांभळे! मग मी त्या डोक्याची गोष्ट सांगितली. सगळे गप्प झाले. मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, "बाई, मग धड कुठल्या गावात असेल हो?" कुणी म्हणालं, देवळात, कुणी म्हणालं, शेतात पडलं असेल. आमच्या गावाबाहेरच्या पडक्या देवळातही एक बिनडोक्याची मूर्ती आहे. शनिवारी आम्ही सगळे वह्या घेऊन तिथे गेलो आणि तिची उंची मोजून, चित्र काढून, तारीख घालून शाळेच्या कपाटात ठेवलं.