वाट

गेल्या सप्टेंबरात आमची अख्खी टीम कमी केली. तीन आठवडे मी घरी काही सांगितलं नव्हतं. हॅम्बर्गच्या खोलीत रिकामं बसवेना, म्हणून एक दिवस ट्रेन पकडून सिल्ट बेटावर गेलो. तिथे ओहोटीला वाडेन समुद्राच्या तळावरून गाइडबरोबर चालता येतं. त्या चिखलाला जर्मनमध्ये 'वाट' म्हणतात. मनात म्हटलं, बरोबर, माझीही तीच लागलीय.

चिखलावर बारीक, वीतभर गवत आडवं पडलं होतं. हे शेवाळ नाही; याला मुळं, फुलं, बिया सगळं असतं. सैबेरियातून आलेले ब्रेंट रानहंस ते मुळासकट उपटून खात होते. बग दिसला की फिक्स करायचा, ही माझी सवय. मी विचारलं, "यांना हाकलत का नाही?"

गाइडबाई हसल्या. याच बेटाजवळ संशोधकांनी गवताचे काही तुकडे पक्ष्यांपासून बंद करून पाहिले होते. हंसांनी इतरत्र निम्म्याहून जास्त गवत फस्त केलं. तरी पुढच्या मोसमात वाढ खुंटली ती राखलेल्या तुकड्यांतच. दाट गवतात गाळ साचून राहतो, हे त्याचं कारण असावं.

या गवताचा खरा संसार चिखलाखाली असतो. आडव्या खोडात साखर साठवलेली असते. नायट्रोजन कमी पडला तर जुन्या पानातला काढून नव्याला दिला जातो. पानं पाण्यातून आणि मुळं चिखलातून, दोन्हीकडून मिळेल ते घेतात. शिवाय कोंब खोडाने एकमेकांना जोडलेले; एकाचं अन्न दुसऱ्यापर्यंत पोचतं.

"मग याला मारतं काय?"

"अतिखाणं," बाई म्हणाल्या. नद्यांनी शेतातली खतं आणली, तेव्हा शेवाळ माजलं आणि गवत त्याखाली गुदमरलं. नद्यांतलं खत घटत गेलं, तसं १९९० च्या दशकापासून इथलं गवत पुन्हा पसरलं.

गवताकडून धडे घेऊ नयेत, त्याला घरभाडं नसतं. पण परतीच्या ट्रेनमध्ये ती जोडलेली खोडं डोक्यातून जाईनात. एकटा कोंब असल्यासारखा मी का वागत होतो?

आईला फोन लावला. सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती.

"तीन आठवडे?" ती म्हणाली. "आणि रोज मला सांगत होतास, मीटिंग आहे म्हणून?"

मग बाबांना हाक मारून तिने फोन स्पीकरवर टाकला.