गुरुवारची ओपीडी

भोसरी, पिंपरी, चाकणच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शस्त्रक्रियेच्या कुठल्याही पुस्तकात हे सापडणार नाही, पण या पट्ट्यात ज्याला गाठींवर अभ्यास करायचा आहे त्याला हे आधी ठाऊक हवं. सोमवारची तारीख दिलेला कंत्राटी कामगार सोमवारी येत नाही. हजेरी बुडते, सुपरवायझर बोलतो, आणि टाके तर सुकलेलेच असतात. गुरुवारी बोलावलं की तो येतो, बायकोलाही आणतो, आणि निघता निघता तिच्या गळ्याची गाठ दाखवतो, जी दुखत नाही म्हणून तिनं दोन वर्षं सांगितलेलीच नसते.

मी जनरल सर्जन आहे आणि एमएसच्या विद्यार्थ्यांचा गाईडही. गाठ काढायला शिकवता येतं. कुठं कापायचं, किती कड ठेवायची, आतड्याचा कर्करोग असेल तर पॅथॉलॉजिस्टला निदान बारा लसिकाग्रंथी मिळतील असा तुकडा कसा काढायचा, हे सगळं हातानं दाखवता येतं. पण त्या माणसाचं पुढं काय झालं हे शोधून काढायला शिकवणं फार अवघड. आमच्या संशोधनाचा जीव मात्र तिथंच आहे.

जखमेचंच घ्या. पोटाच्या ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग मोजताना तीस दिवसांची मुदत धरतात. रुग्ण पाचव्या-सातव्या दिवशी घरी जातो आणि पू बऱ्याचदा त्यानंतर येतो. नुसत्या वॉर्डातल्या नोंदींवरून टक्केवारी काढली तर प्रत्येक सर्जन उत्तम ठरतो. 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये चीता नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. भारत धरून सात देश, 13,301 रुग्ण. पोट शिवायला घेण्याआधी हातमोजे बदलायचे आणि निर्जंतुक हत्यारांचा नवा संच घ्यायचा, एवढाच प्रयोग. नेहमीच्या पद्धतीत संसर्ग 18.9 टक्के, या पद्धतीत 16. उणापुरा तीन टक्क्यांचा फरक; पण तो दिसला, कारण घरी गेलेल्यांनाही तिसाव्या दिवशी विचारलं गेलं. (1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स जिथं उभी राहिली त्या पिंपरीत बसून मी हातमोज्यांचं कौतुक करतो, याची मलाही गंमत वाटते. पेनिसिलिनच्या गावात लोकांना अजून वाटतं की इंजेक्शन दिलं की जखम भरलीच पाहिजे.)

हे विचारणं हेच कसब आहे. ‘जखमेतून पू येतो का?’ असं फोनवर विचारलं तर उत्तर ‘नाही’. पू म्हटलं की पुन्हा ॲडमिट करतील अशी भीती. ‘मामा, बनियनला डाग पडतो का?’ असं विचारलं की लगेच, ‘हां, पिवळा पडतो थोडा.’ मग व्हॉट्सॲपवर फोटो मागवायचा. रेसिडेंट मुलांना मी प्रश्नावलीतली वाक्यंच बदलायला लावतो.

गाठ कर्करोगाची असेल तर तीस दिवसांनी भागत नाही, वर्षं मोजावी लागतात. तिथं आमच्या हाताशी कॅप्लन आणि मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1958 साली मांडलेली, कोण किती काळ जगलं याचा आलेख काढायची पद्धत असते. रेघ डावीकडून उजवीकडे जाते, मृत्यू झाला की खाली उतरते. ज्याचा पत्ताच लागला नाही त्याच्यासाठी रेघेवर एक बारीक उभी खूण करतात. त्या खुणेमागं गृहीत असं, की हरवलेल्या माणसाचं नशीब सापडलेल्यांसारखंच असणार. चाकणमध्ये हे गृहीत मला पटत नाही. महाळुंग्याच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईचं स्तनाचं ऑपरेशन होतं. ठेकेदाराचं काम संपलं म्हणून नवरा सहा महिन्यांनी बिऱ्हाड गुंडाळतो, आणि दोघं लातूरकडं किंवा थेट बिहारला जातात. शेजारचा दुसरा रुग्ण ठणठणीत असतो, म्हणूनच येत नाही. तो तिसऱ्या पाळीला असतो आणि दिवसा झोपतो. आलेखावर दोघांची खूण सारखीच. आमचे निकाल खऱ्यापेक्षा चांगले दिसताहेत की वाईट, हेही मग सांगता येत नाही.

एका वाहन कारखान्याच्या क्वालिटी विभागातला एक रुग्ण हर्नियासाठी आला होता. तो म्हणाला, ‘सर, आमच्या ब्रेकच्या पार्टवर नंबर असतो. कुठल्या गाडीत बसला ते कित्येक वर्षांनीही सांगता येतं.’ आमचा नंबर केसपेपरवर असतो, आणि केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी गावाकडच्या पेटीत.

म्हणून आम्ही तीन फोन नंबर घेतो. स्वतःचा, जो बदलणारच. खोलीमालकाचा. आणि तिसरा गावातल्या अशा कुणाचा, जो जागचा हलत नाही: गिरणीवाला, रेशन दुकानदार, आशाताई. परवानगी आधी लेखी घ्यायची, आणि त्या माणसाला आजाराचं नाव सांगायचं नाही. ‘दवाखान्यातून फोन होता’ एवढाच निरोप. हा तिसरा नंबर विचारायला इंटर्न कंटाळतात. मी तो रिकामा दिसला की फॉर्म परत पाठवतो.

बार्शीला हे काम कितीतरी आधी सुरू झालं. 1987 पासून तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाची ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. रुग्ण येईल म्हणून वाट पाहायची नाही, बार्शी, परांडा, भूमच्या गावांत जाऊन विचारायचं, हा तिथला शिरस्ता. त्यांच्या वाट्याला निदान स्थिर गावं आली. आमच्याकडं गावच दर अकरा महिन्यांच्या भाडेकराराबरोबर हलतं.

आणि त्यात थीसिस. एमएस तीन वर्षांचं. विषय ठरणं, एथिक्स कमिटी, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडं सिनॉप्सिस, हे होईपर्यंत बराच काळ जातो आणि रुग्ण गोळा करायला जेमतेम दीड वर्ष उरतं. पाच वर्षांनी कळणारी गोष्ट दीड वर्षात शोधायला सांगायची आणि वर ‘दीर्घकालीन फॉलो-अपची गरज आहे’ हे वाक्य शेवटच्या पानावर टाकायचं, असा हा रिवाज. मला त्या वाक्याचा राग येतो.

पुढचं कळणार की नाही यावर ऑपरेशनसुद्धा बदलतं, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. टाटा स्मारक रुग्णालयाची 2015 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेली चाचणी मी दर बॅचला वाचायला लावतो. तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा, मानेत गाठ लागत नाही. मग मानेतल्या ग्रंथी लगेच काढायच्या की गाठ आल्यावर? लगेच काढलेल्यांतले 80 टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, वाट पाहिलेल्यांतले 67.5. आणि ही वाट ठरावीक अंतरानं बोलावून, मान चाचपून पाहिलेली. निघोज्याचा तंबाखू मळणारा ठेक्यावरचा हेल्पर पुन्हा दिसेल याची खात्री नसताना ‘बघू पुढं’ म्हणणं मला शक्यच नाही.

सध्या एक बदल चालवलाय. थीसिस सादर झाला तरी रुग्णांची यादी बंद होत नाही; जाणारा रेसिडेंट ती खालच्या बॅचला देतो, आणि ‘हरवला’ या रकान्याशेजारी का हरवला तेही लिहायचं. यंदाच्या मुलीनं कुरकुर केली, ‘सर, टेबल फार वेडंवाकडं दिसतं.’ दिसू दे म्हटलं. गुरुवारी ती जुन्या यादीवर फोन लावत बसते. पहिल्या पाळीवाले दुपारनंतर उचलतात, आणि बिहारचा नंबर बहुतेक वेळा कुणी लहान मूल उचलतं, तेव्हा ‘घरात मोठं कोण आहे’ हे हिंदीत विचारायला तिला जमू लागलंय.