जाळीचा हात आणि भरीव खेळणं

क्रोशाच्या सुईने खेळणं विणायला बसणाऱ्यांत दोन तऱ्हेचे नवखे असतात. एकाने सुई कधी धरलेलीच नसते. दुसरीने वर्षानुवर्षं दारावरची तोरणं, ताटावरचे रुमाल, नाहीतर चर्चच्या वेदीवरच्या कापडाची किनार विणलेली असते. माझं म्हणणं असं, की जास्त अडखळते ती ही दुसरी. आपल्या घरांतलं क्रोशे हे मुळात जाळीचं काम. साखळ्या सैल सोडायच्या, दोन खांबांमध्ये मोकळी जागा ठेवायची. देखणेपण त्या मोकळ्या जागेतच असतं. खेळण्यात नेमकी तीच जागा नडते, कारण तिच्यातून पोटातलं भरण बाहेर डोकावतं. म्हणून इथे उंच खांब जवळजवळ वर्ज्य. सगळं काम मुक्या, म्हणजे बुटक्या खांबाचं आणि तेही घट्ट. लोकरीच्या गुंड्याच्या कागदावर ४ मिलिमीटरची सुई सुचवली असेल, तर ३ किंवा अडीचची घ्यावी. विणलेला तुकडा ताणून उजेडासमोर धरला की हात कुठे सैलावला ते लगेच दिसतं. लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत असावी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाकाच दिसत नाही, मग मोजणार काय?

आणि मोजणं तर टाळता येत नाही. मुका खांब साधारण जितका उंच तितकाच रुंद असतो. फेरीगणिक वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते, तेव्हा परिघात सहापेक्षा किंचित जास्त टाके वाढायला हवेत, हे शाळेतल्या भूमितीवरूनच निघतं. म्हणून सुरुवात ६ टाक्यांची, मग १२, १८, २४. इतकी वाढ ठेवली तर चकती सपाट राहते. वाढ थांबवली की कडा उभी राहून नळी होते, आणि घटवत गेलं की तोंड मिटून चेंडू होतो. रुमालाचा खांब उंच असल्याने तिथे फेरीमागे १२ टाके वाढवायची रीत आहे. ती सवय मुक्या खांबावर चालवली, की बाहुलीच्या डोक्याला झालर फुटते. ही झालर गणितालाही उपयोगी पडली आहे. दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मुद्दाम जास्त टाके वाढवून अपास्ती (हायपरबोलिक) पृष्ठभाग विणून दाखवला. मुंबईत, आमच्या सांताक्रूझला या विषयाची दोन्ही अंगं रेल्वेच्या रुळांच्या दोन बाजूंना नांदतात: पूर्वेला कलिन्यात मुंबई विद्यापीठाचं गणित, पश्चिमेला जुहूच्या आवारात एसएनडीटीचं गृहविज्ञान. विणणाऱ्या बाईला मात्र दोन्ही एकाच मांडीवर सांभाळावी लागतात. खेळण्याच्या फेऱ्या जोडायच्या नसतात, त्या मळसूत्रासारख्या चढत जातात. त्यामुळे प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवला नाही, तर अनुभवी हाताचाही हिशेब चुकतो.

यावर कोणी म्हणेल, मुरलेला हात उपयोगी पडणारच की. पडतो, टाका एकसारखा येतो, दोरा बोटांतून सुरळीत सुटतो. पण एकसारखा सैल टाका हा सैलच. दुसरा आक्षेप जास्त सांताक्रूझी आहे: इथल्या दमट हवेत लोकर हवी कशाला? २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस सांताक्रूझच्याच वेधशाळेने नोंदवला, आणि एरवीच्या जुलैतही दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. स्वेटरपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. खेळणं अंगात घालायचं नसतं, धुवायचं मात्र असतं. त्यामुळे आक्षेपाचा खरा रोख लोकरीपेक्षा भरणावर यायला हवा. कापूस पाणी धरून ठेवतो, त्याचे गोळे होतात, आत कुबट वास राहतो. पॉलिस्टरचा फायबर लवकर वाळतो. तोही चिमूटचिमूट करत, तोंड मिटायच्या आधी भरावा. नंतर एकदम कोंबला तर टाके फाकतात आणि घट्ट विणलेलं सगळं वाया जातं. वरचं विणकाम सुती दोऱ्याचं केलं तरी चालतं, फक्त तो ताणला जात नाही, म्हणून नवख्याची बोटं लवकर दुखतात.

उरतो पैशांचा प्रश्न. लिंकिंग रोडवर कापडी अस्वल स्वस्तात मिळत असताना इतके तास कोण घालवणार? तुलना न्याय्य नाही. ते अस्वल यंत्रावर शिवलेलं असतं. क्रोशाचा खरा टाका घालणारं यंत्र अजून बाजारात रुळलेलं नाही, तेव्हा क्रोशाचं खेळणं स्वस्त मिळालं तरी ते कुणाच्या तरी हातचंच. किंमत कमी असेल, तर ती त्या हाताच्या मजुरीतून कापलेली असते. शिवाय घरी विणताना एक निवड आपल्याकडे राहते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे मण्यांचे किंवा बटणांचे न लावता दोऱ्याने भरावेत, कारण निघालेला मणी थेट तोंडात जातो. तोरण विणणाऱ्या बाईला अखेर इथे तिचं जुनं कसब पुरं वापरता येतं: दोन डोळे सारख्या अंतरावर, सारख्या उंचीवर भरणं हे चेंडू विणण्याहून अवघड आहे.