‘पवित्र’ या शब्दाची किंमत

कोर्टाचे निकाल मी कादंबरीसारखे वाचतो. घरची मंडळी हसतात, हसोत बापडी! परवा एक वाचताना चहा निवून गेला. गोष्ट पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंड बंदराची. तिथले पाणी नि भोवतालची जमीन आदिवासींना पवित्र. १९७२ च्या वारसा कायद्याने अशा स्थळांना अभय दिलेले. पण सरकारी समितीने अर्थ लावला, की स्थळ धर्मकृत्यासाठी वाहिलेले हवे. नुसती कथा, गाणे, श्रद्धा चालणार नाही. झाले! नोंदीतून नाव उडाले. अहो, ज्यांनी देऊळ बांधलेच नाही, त्यांचा देव गाण्यात नाही तर कुठे राहणार?

आदिवासी कोर्टात गेले. २०१५ साली न्यायमूर्ती चेनी यांनी समितीचा निर्णय रद्द केला. त्या लोकांना हे स्थळ किती महत्त्वाचे, हा खरा प्रश्न समितीने विचारलाच नव्हता.

शब्द सुटला, कायद्यातली दुसरी फट मात्र राहिली. मंत्र्याची परवानगी असली, की स्थळ मोडता येई. २०१३ साली मिळालेल्या अशाच परवानगीने मे २०२० मध्ये जूकन घळीतल्या गुहा लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवल्या. त्यांतल्या एकीत ४६,००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या खुणा होत्या.