गुलमर्गची स्नो बाईक आणि बाबांचे १४ व्होल्ट

गुलमर्ग म्हटलं की बर्फ आणि अफरवटला जाणारा गंडोला आठवतो. मला मात्र आठवतो एक फ्यूज झालेला बल्ब.

बाबांनी ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान मागच्या वर्षी बंद केलं. तेव्हापासून ते गप्प गप्पच असायचे. आईच्या हट्टामुळे आम्ही काश्मीरला गेलो. टंगमर्गहून वळणावळणाचा १३ किलोमीटरचा घाट चढून २,६५० मीटर उंचीवरच्या गुलमर्गला पोहोचलो, तरी बाबा खिडकीबाहेर बघत शांतच!

दुपारी मी स्नो बाईकवर फेरी मारली. समोर स्की, मागे रबरी पट्टा आणि दोरी ओढून सुरू होणारं जुनं इंजिन. परतताना चालकाने जोरात रेस दिली आणि हेडलाइट गेला.

"इस महीने का चौथा बल्ब," तो वैतागून म्हणाला. ढग उतरले की लाइटशिवाय फेरी मारता येत नाही, म्हणजे तेवढी कमाई बुडाली.

बाबा पुढे झाले. "बल्ब नहीं, रेग्युलेटर देखो. मीटर है क्या?"

मीटर होता. दोघांनी मिळून गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलला, म्हणजे पट्टा मोकळा फिरेल. आम्हाला लांब उभं केलं. या गाडीला बॅटरी नव्हती. म्हणून बाबांनी मीटर एसीवर लावला आणि त्याच्या पिना हेडलाइटच्या होल्डरला टेकवल्या.

इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं व्होल्टेज वाढतं. ते साधारण १४ च्या आसपास रोखणं हे रेग्युलेटरचं काम. रेस वाढवली तसा आकडा १४, १६, १८... चढतच गेला!

"नया लाना पड़ेगा?" चालकाचा चेहरा उतरला.

"रुको." बाबांनी इंजिन बंद करायला लावलं आणि रेग्युलेटरचा बोल्ट खोलला. खाली गंज! याच बोल्टमधून रेग्युलेटरला अर्थ मिळते. ती तुटली की तो व्होल्टेज रोखू शकत नाही. जुन्या किक मारायच्या मोटरसायकलींचे बल्ब असेच उडायचे, बाबांनी मला सांगितलं. पॉलिश पेपरने जागा घासली, बोल्ट घट्ट आवळला. पुन्हा रेस. आकडा १४ वर येऊन थांबला. मग कुठे नवा बल्ब लावला.

चालकाने आम्हाला आग्रहाने कहवा पाजला. बाबा त्याला वायरिंगच्या गोष्टी सांगत बसले, अर्धा तास!

तुमच्याही गाडीचे बल्ब वारंवार जात असतील, तर नवा बल्ब घेण्याआधी मेकॅनिककडून रेग्युलेटर आणि त्याची अर्थ तपासून घ्या.

आणि घरात कुणी निवृत्तीनंतर गप्प झालं असेल, तर त्यांच्या कामातलं काहीतरी त्यांना विचारून बघा. आम्ही घरी परतल्यावर बाबांनी पहिलं काम काय केलं माहितीये? माळ्यावरचा जुना मीटर खाली काढला.