मुक्या घंटांचा शनिवार

वसईच्या पट्ट्यात उपवासकाळ उन्हाबरोबर चढत जातो. राखेच्या बुधवारी कपाळावर गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख लागते, तेव्हा पहाटे अजून अंगावर चादर ओढावीशी वाटते. मग संध्याकाळी आळीआळीतून क्रूसाची वाट चालू लागते. चौदा स्थानं पुढे सरकतात, मेणबत्त्या हातात मऊ पडत जातात, आणि दिवसामागून दिवस बावखलांचं पाणी खाली उतरतं. चाळीस दिवसांचा हा काळ मोजायला बसलं तर सेहेचाळीस भरतो, कारण रविवार उपवासात धरत नाहीत. दुःखाच्या दिवसांतही दर आठवड्याला पुनरुत्थानासाठी एक जागा राखलेली असते, हे मला फार मोलाचं वाटतं.

झावळ्यांच्या रविवारबद्दल आणि शुभ शुक्रवारबद्दल पुष्कळ लिहिलं, बोललं जातं. मधल्या शनिवारकडे मात्र कोणी वळून पाहत नाही.

गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात गौरवगीताला घंटा वाजतात आणि मग थांबतात. त्यानंतर कुठे कुठे लाकडावर लाकूड आपटून लोकांना प्रार्थनेला बोलावतात. तो कोरडा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. उपासना संपल्यावर वेदीवरची वस्त्रं काढली जातात. शुक्रवारी तीनच्या उन्हात लोक क्रूसाचं चुंबन घ्यायला रांग लावतात. आणि शनिवारी काहीच नसतं. वेदी उघडी, ख्रिस्तशरीर ठेवायची पेटी रिकामी, दिवसभर मिस्सा नाही. वाटेवरून जाता जाता चर्चमध्ये डोकावलं तर दार उघडं असूनही घरात कोणी नसल्यासारखं वाटतं.

शुभवर्तमानांनीही या दिवसाबद्दल जवळजवळ मौन पाळलं आहे. मत्तय सांगतो की कबरीवर पहारा बसवला, तिच्या तोंडावरच्या धोंडीला मोहर लावली. लूक सांगतो की स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि नियमाप्रमाणे शब्बाथ पाळला. एवढंच. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’मध्ये हा भाग वाचताना मी दर वर्षी त्या बायकांपाशी थांबतो. रविवार येणार आहे हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी द्रव्यं कुटली ती प्रेताला लावायला. आशा नव्हती, तरी हात कामाला लागले होते. श्रद्धेचं याहून खरं रूप मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

हा दिवस असा सलग मुका राहतो, तेही बरंच उशिरा घडलं. शेकडो वर्षं ईस्टरच्या जागराची उपासना शनिवारी सकाळीच होत असे आणि दुपारी उपवासकाळ संपलेला असे. 1955 साली पोप बारावे पायस यांनी पवित्र आठवड्याच्या उपासनांची फेररचना केली. पुढच्या वर्षापासून जागर सगळीकडे रात्री होऊ लागला आणि शनिवारला त्याचं मौन परत मिळालं.

हे मौन मला वसईच्या किल्ल्यात सर्वांत जास्त जाणवतं. छप्पर उडालेल्या चर्चांच्या कमानी, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेले पुसट अक्षरांचे थडग्यांचे दगड. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीला क्रूसावर मेला आणि 1862 मध्ये संत म्हणून घोषित झाला. आमच्या मातीतल्या माणसाला खरोखरचा क्रूस मिळाला, ही गोष्ट शुक्रवारी मनातून जात नाही.

शनिवारी मात्र मला इथल्या घंटा आठवतात. 1739 साली ईस्टर 29 मार्चला आला, तेव्हा चिमाजीअप्पांचा वेढा चालू होता. मे महिन्यात किल्ला पडला आणि वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठी सैन्याबरोबर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर 1721 हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. मला त्याचा राग नाही. त्या वितळवून तोफा ओतल्या नाहीत; त्या आजही कोणाला तरी देवाच्या दारी बोलावतात. घंटा गेल्या, पोर्तुगीज पाद्री गेले, पण गावातल्या माणसांनी प्रार्थना सोडली नाही. वसईचा तो शनिवार फार लांबला, आणि इथल्या साध्या शेतकऱ्या-कोळ्यांनी तो निभावला.

शनिवारी रात्री चर्चबाहेर अंधारात नवा विस्तव पेटतो. मोठ्या मेणबत्तीवर क्रूस आणि चालू वर्षाचे आकडे कोरतात, धूपाचे पाच खडे रोवतात, आणि तिच्यावरून एकाची ज्योत दुसऱ्याकडे जात सगळं चर्च उजळतं. सृष्टीच्या निर्मितीपासून वाचनं सुरू होतात. मग गौरवगीत, आणि गुरुवारपासून थांबलेल्या घंटा एकदम वाजू लागतात. लहान मुलं दचकतात, म्हातारी माणसं डोळे पुसतात. हा आनंद शनिवार पाळणाऱ्याला पुरेपूर मिळतो, असा माझा विश्वास आहे.

अलीकडे शनिवारी दुपारपासूनच ईस्टरच्या शुभेच्छा फोनवर येऊ लागतात. पाठवणाऱ्याचं मन चांगलं असतं, हे मी जाणतो. पण प्रत्येक गावात अशी घरं असतात जिथे वर्षभरात मयत झालेलं असतं, कोणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कोणाचा मुलगा बोलेनासा झालेला असतो. त्यांचा रविवार अजून उगवलेला नाही. शनिवार त्यांचा आहे, आणि चर्चनं तो त्यांच्यासाठी मोकळा ठेवला आहे. म्हणून माझी विनंती आहे : यंदा त्या दिवशी अशा एखाद्या घरी जा, न बोलता थोडा वेळ बसा, जमलं तर हातानं केलेलं काही खायला न्या. शुभेच्छा रात्री घंटा वाजल्यावर द्या.