ठसका लागला की घास अडकला?

आपल्याकडे जेवताना ठसका लागला की मोठी माणसं डोक्यावर थोपटतात, "वर बघ" म्हणतात आणि "कुणीतरी आठवण काढली वाटतं!" म्हणत पाणी पुढे करतात. नोएडात नोकरीला आल्यापासून मी रात्री एकटीच जेवते, लॅपटॉपसमोर. थोपटायला कुणीच नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेतला. तुम्हालाही उपयोगी पडेल.

आधी फरक ओळखा. माणूस खोकत असेल, बोलत असेल, तर हवा आत जातेय. त्याला जोरात खोकू द्या. पण आवाजच फुटत नसेल, हात गळ्याकडे जात असेल, ओठ निळे पडत असतील, तर घास श्वासनलिकेत अडकलाय. अशा वेळी पाणी पाजू नका, तोंडात आंधळेपणाने बोटं घालू नका.

काय करायचं?

१. त्याला पुढे वाकवा. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या टाचेने ५ वेळा जोरात मारा.

२. घास निघाला नाही तर मागे उभं राहा. बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत-वर असे ५ झटके द्या.

३. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. कुणाला तरी ११२ ला फोन करायला सांगा.

४. तो बेशुद्ध पडला तर जमिनीवर झोपवून सीपीआर सुरू करा.

गरोदर बाईच्या पोटावर झटके देऊ नका, छातीवर द्या. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर ५ थाप, मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब.

माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्यांनो, खुर्चीच्या पाठीवर पोट टेकवून स्वतःच झटके देता येतात. घास निघाला तरी नंतर डॉक्टरांना दाखवा.

पोटावरच्या झटक्यांची ही पद्धत डॉ. हेन्री हाइम्लिक यांनी १९७४ मध्ये मांडली. २०१६ मध्ये, ९६व्या वर्षी, त्यांनी स्वतः तिच्याच साहाय्याने जेवणाच्या टेबलावरच्या एका आजींचा जीव वाचवला. म्हणजे वयाची सबब चालणार नाही!

दिल्लीच्या थंडीत गाडीवरचे गरम शेंगदाणे घरोघरी येतात. चार वर्षांखालच्या मुलांना ते अख्खे देऊ नका. द्राक्षंही उभी चिरून द्या. आणि या रविवारी घरातल्या सगळ्यांना मूठ कुठे ठेवायची ते दाखवा. फक्त जागा दाखवा, झटके खरे देऊ नका.